देवाशीं सख्य

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें एक जुनें गांव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत 'तगर' नांवाच्या ज्या बाजारपेठेचा उल्लेख येतो, ती हीच असें संशोधक मानतात. परंतु मराठी मनाला तेर आपलेंसें वाटतें तें या प्राचीन व्यापारामुळें नव्हे. तेर हें गोरोबा काकांचें गांव. चिखल तुडवितां तुडवितां विठ्ठलाचें नाम घेणारा हा कुंभार ज्ञानदेवांचा समकालीन. त्याच्या घरीं घडलेला म्हणून जो एक प्रसंग परंपरेनें जपून ठेविला आहे, तो धर्मजीवनांतील एका मोठ्या प्रश्नावर अचूक बोट ठेवतो.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्ञानदेव, त्यांचीं भावंडें, नामदेव अशी संतमंडळी गोरोबांच्या घरीं जमली होती. जवळच पडलेलें थापटणें पाहून मुक्ताबाईनें हें काय म्हणून विचारलें. मडकें पक्कें कीं कच्चें तें यानें कळतें, असें गोरोबांनीं सांगतांच ती म्हणाली, मग येथें जमलेल्या मडक्यांचीहि परीक्षा होऊं द्या. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत चालले. बाकीचे स्वस्थ बसून राहिले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनीं निकाल दिला, एवढें एक मडकें कच्चें राहिलें आहे.

या गोष्टीचें मर्म निकालांत नाहीं. तो कोणाविषयीं दिला गेला यांत आहे. नामदेव कांहीं साधे भक्त नव्हते. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलानें खाल्ला, ज्यांच्याशीं देव समोरासमोर बोलत असे अशी ज्यांची ख्याति, तेच कच्चे ठरले. देवाशीं जवळीक होती. पण शेजाऱ्याच्या हातचा एक टोला सोसवला नाहीं. देवाच्या सहवासाची गोडी ही एक गोष्ट झाली, आणि त्या सहवासाच्या आंचेनें माणूस भाजून पक्का होणें ही दुसरी. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असें नाहीं. नामदेवांचा मोठेपणा असा कीं, रागाचा भर ओसरल्यावर त्यांनीं हा निकाल मानला आणि विसोबा खेचरांचें शिष्यत्व पत्करलें.

ख्रिस्ती मनुष्याचें देवाशीं सख्य कसें असावें, या प्रश्नाचा विचार करतांना तेरच्या या थापटण्याची आठवण होणें स्वाभाविक आहे. पवित्र शास्त्रांतहि कुंभार आहे. यिर्मया संदेष्ट्याला देवानें कुंभाराच्या घरीं पाठविलें, आणि चाकावर बिघडलेलें भांडें मोडून तो त्याच मातीचें दुसरें भांडें घडवीत असलेला त्याला दिसला. माती टाकून दिली नाहीं, पण बिघडलेला आकारहि तसाच राहूं दिला नाहीं. देवाच्या हातांत राहणें म्हणजे काय, याचें यापेक्षां सोपें चित्र सांपडणें कठीण आहे.

देवाच्या सहवासाविषयींचा नव्या करारांतील सर्वांत रोखठोक विचार योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायांत आला आहे. त्याचा आशय असा, कीं देव हा प्रकाश आहे. म्हणून त्याच्याशीं आपली संगति आहे असें म्हणावयाचें आणि पाऊल मात्र अंधारांत टाकावयाचें, हें खोटें बोलणें होय. आणि आपल्यांत पाप नाहीं असें म्हणणारा तर स्वतःलाच फसवितो. या दोन वाक्यांची जोडी विचार करण्यासारखी आहे. योहान निष्पाप माणसाची अपेक्षा करीत नाहीं. त्याची अपेक्षा उजेडांत उभें राहणाऱ्या माणसाची आहे. उजेडांत डाग नाहींसे होत नाहींत, उलट ते अधिक स्पष्ट दिसतात. फरक इतकाच, कीं ते लपविण्याची इच्छा तेवढी मावळते. सख्याची पहिली खूण हीच.

'सख्य' हा शब्द मराठी कानाला परका नाहीं. नवविधा भक्तींत सख्य ही आठवी भक्ति, आणि तिच्या लगेच पुढें नववें आत्मनिवेदन येतें. हा क्रम अर्थपूर्ण आहे. ज्याच्याजवळ स्वतःचें सर्व कांहीं उघडें करतां येत नाहीं, तो सखा कसला? येशूनेंहि आपल्या शेवटच्या रात्रीं शिष्यांना दास न म्हणतां मित्र म्हटलें, आणि त्याचें कारण दिलें, कीं धनी काय करतो तें दासाला ठाऊक नसतें. दासाला हुकूम पुरतो. मित्राला मन कळावें लागतें. हुकमाच्या चाकरीला तपासणीपुरता प्रामाणिकपणा पुरेसा होतो. मैत्रींत तपासणी कधीं व्हावयाची हें ठरलेलें नसतें, म्हणून तेथें अष्टौप्रहर प्रामाणिक राहण्यावांचून गत्यंतर नाहीं.

या सख्याचा व्यवहारांत काय परिणाम होतो, हें जक्कयाच्या कथेंत दिसतें. यरीहो येथील हा जकातदारांचा मुख्य पैशानें मोठा आणि लोकांत नकोसा झालेला. येशू त्याच्या घरीं पाहुणा म्हणून गेला. त्यानें त्याला उपदेश केल्याचें लूकानें लिहिलेलें नाहीं. हिशेबहि मागितला नाहीं. तरीहि जक्कय आपण होऊन उभा राहिला, अर्धें द्रव्य गरिबांना देण्याचें त्यानें जाहीर केलें, आणि ज्यांना लुबाडलें असेल त्यांना चौपट परत करण्याचें वचन दिलें. देव घरांत आल्याचा पुरावा येथें घंटानादांत नाहीं किंवा अश्रूंतहि नाहीं. तो जमाखर्चाच्या वहींत आहे. याच्या उलट उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या व सप्पीरा यांचें. त्यांनीं जमीन विकली आणि पैशांचा कांहीं भाग मागें ठेवून सर्व दिल्याचा आव आणला. पेत्रानें त्यांना स्पष्ट सांगितलें, कीं जमीन तुमची होती, पैसेहि तुमचेच होते. थोडें दिलें हा अपराध नव्हता. थोडें देऊन सगळें दिल्याचें भासविणें हा अपराध होता.

महाराष्ट्रांत अशा सख्याचा शोध ज्यांनीं आयुष्य पणाला लावून घेतला, त्यांत नारायण वामन टिळक यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांव येथें झाला. १८९३ सालीं राजनांदगांवास जात असतां आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशानें त्यांना नवा करार दिला व तो वाचण्याचें वचन घेतलें. डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाचा ताबा घेतला. पुढचा मार्ग मात्र सुखाचा नव्हता. मनांतल्या मनांत ख्रिस्तभक्त राहावें आणि बाहेर कांहीं बदलूं नये, हा सोपा तोडगा त्यांनाहि मोकळा होता. तो त्यांनीं स्वीकारला नाहीं. १८९५ सालच्या १० फेब्रुवारीस मुंबईंत त्यांनीं उघडपणें बाप्तिस्मा घेतला; आणि गणगोत, जात, एवढेंच नव्हे तर पत्नीचा सहवासहि त्यांना कांहीं वर्षें अंतरला.

टिळकांच्या प्रामाणिकपणाची दुसरी बाजू अशी, कीं नवें स्वीकारतांना जुन्याचें ऋण त्यांनीं नाकारलें नाहीं. आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों ते तुकारामाच्या सेतूवरून, असें ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन हीं त्यांनीं ख्रिस्ती उपासनेंत आणलीं. मराठी माणसानें देवाजवळ उसन्या सुरांत बोलावें, हें त्यांना खोटेपणाचेंच एक रूप वाटत असलें पाहिजे. मित्राशीं बोलतांना कोणी परक्याची भाषा शोधीत नाहीं. त्यांचीं भजनें मराठी मंडळ्यांत आजहि गाइलीं जातात तीं या आपलेपणामुळेंच.

तिसरा प्रसंग १९१७ सालचा. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यांत त्यांचीं वीसांहून अधिक वर्षें गेलीं होतीं. 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचें संपादन त्यांच्याकडे होतें, मानमान्यता होती. वयाच्या छपन्नाव्या वर्षीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें, संन्यस्त वृत्ति पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, परंतु ख्रिस्ताला गुरु मानणारे, अशा सर्वांना त्या दरबारांत जागा होती. वेतन घेऊन केलेली सेवा खोटी असते असें नव्हे. पेत्रापासून आजवर असंख्य प्रामाणिक सेवक मंडळीच्या अन्नावर राहिले आहेत. परंतु आपल्या बाबतींत सेवा आणि उपजीविका यांची गांठ सुटली पाहिजे असें टिळकांना एकदां दिसल्यावर त्यांनीं वयाची किंवा सोयीची सबब पुढें केली नाहीं. पुढें जेमतेम पावणेदोन वर्षांनीं, १९१९ सालच्या ९ मे रोजीं, मुंबईंत त्यांचा अंत झाला.

येथवर ऐकून कोणाच्याहि मनांत एक शंका येईल, आणि ती यावीच. देवाशीं सख्य जोडणाऱ्या पुरुषाच्या घराचें काय? तेरच्या कथेंतहि हा प्रश्न आहे. भजनांत तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायांखालीं त्यांचेंच मूल चिखलांत तुडविलें गेलें, असें परंपरा सांगते. पुढें देवकृपेनें तें परत मिळालें हें खरें, पण त्याआधीं आईनें केलेला आक्रोश कथेनें पुसून टाकलेला नाहीं. टिळकांच्या घरीं हा प्रश्न विचारणारी व्यक्ति लक्ष्मीबाई होती, आणि तिनें तो ज्या निर्मळ विनोदबुद्धीनें विचारला त्याला मराठी वाङ्मयांत तोड नाहीं.

'स्मृतिचित्रें' १९३४ सालापासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं. टिळकांचा शीघ्र कोप, त्यांचा विसराळूपणा, हातीं आलेला पैसा घरीं पोचण्यापूर्वींच दुसऱ्याच्या गरजेला देऊन टाकण्याची त्यांची खोड, आणि मग घरांत उडणारी तारांबळ, यांतलें कांहींहि तिनें लपविलें नाहीं. तरीहि वाचकाच्या मनांत टिळकांविषयींचा आदर उणा होत नाहीं, तो वाढतो. कारण हें चित्र भाजलेल्या मडक्याचें आहे, रंग दिलेल्या मडक्याचें नाहीं. थापटणें घरच्या माणसाच्या हातीं द्यावें, आणि त्यानें मारलेला टोला जगानें ऐकला तरी आवाज बद्द येऊं नये, यापेक्षां मोठी परीक्षा कोणती?

स्वतः लक्ष्मीबाईचा मार्ग तर याहून शिकण्यासारखा आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपणहि व्हावें, हें तिनें मानलें नाहीं. ताटातुटीचीं वर्षें तिनें सोसलीं. पुढें ती नवऱ्याकडे परत आली, ती सुद्धां आपला आचार संभाळून. जातिभेद देवानें केलेला नाहीं, माणसांनीं केलेला आहे, हा उजेड तिच्या मनांत पडला तेव्हां प्रथम तिचा सोंवळेपणा गळाला; आणि ख्रिस्तावर स्वतःची श्रद्धा बसली तेव्हां १९०० सालीं तिनें बाप्तिस्मा घेतला. मध्यंतरीं जर तिनें केवळ संसार सांधण्यासाठीं होकार दिला असता, तर जगानें तिला दोष दिला नसता. पण त्या होकारांत देवाशीं सख्य नसतें. नवऱ्याशीं तडजोड तेवढी असती. टिळकांनीं 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य अपुरें ठेवलें, तें तिनें पुढें पूर्ण केलें. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या पायावर उभें राहून असें काम होत नाहीं.

आतां पुन्हां धाराशिवकडे वळावयाचें तें याच विचाराचा एक अलीकडचा धागा तेथें येऊन मिळतो म्हणून. १९६० सालीं महाराष्ट्रांत सामील झालेला, एके काळीं निजामाच्या राज्यांत असलेला हा जिल्हा. त्याच्या मुख्य शहरांत, त्या वेळच्या उस्मानाबादेंत, २०२० सालच्या १०, ११ व १२ जानेवारीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९३ वें अधिवेशन भरलें. संमेलनाच्या नगरीला संत गोरोबाकाकांचें नांव दिलें होतें, आणि अध्यक्ष होते वसईचे कॅथॉलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान त्यापूर्वीं कधीं मिळाला नव्हता.

निवड जाहीर होतांच कांहीं ठिकाणांहून आक्षेप निघाले. धर्मगुरूचें साहित्याशीं काय नातें, असा प्रश्न विचारण्यांत आला. हेंहि एक थापटणेंच होतें. त्याला उत्तर देण्यास फादर दिब्रिटोंच्या मागें आयुष्यभराचें काम उभें होतें. 'सुवार्ता' मासिकाचें त्यांनीं दीर्घकाळ संपादन केलें, 'सुबोध बायबल' मराठी वाचकांच्या हातीं दिलें. आणि वसईची हिरवी वाडी व तिचें पाणी बांधकामवाल्यांच्या व गुंडगिरीच्या घशांत जाऊं लागलें, तेव्हां हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यांत ते उघडपणें पुढें उभे राहिले. भूमि आणि जल यांविषयीं बोलण्याचा पुरोहिताला काय अधिकार, असें त्याहि वेळीं कोणास वाटलें असेल. पण ज्याचें सख्य देवाशीं आहे, त्याला देवाच्या निर्मितीची लूट पाहून देवळाच्या दारांत स्वस्थ बसतां येत नाहीं. अध्यक्षपदावरूनहि हिंसेविरुद्ध व असहिष्णुतेविरुद्ध बोलण्याचें त्यांनीं टाळलें नाहीं. २०२४ सालच्या २५ जुलैस ते निवर्तले. तेरच्या कुंभाराचें नांव धारण केलेल्या मंडपांत वसईच्या धर्मगुरूनें मराठीची सेवा करावी, हा योग दोन्ही परंपरांना शोभणारा होता.

टिळक, लक्ष्मीबाई, फादर दिब्रिटो हीं माणसें मोठीं. सामान्य गृहस्थाच्या वांट्याला संन्यास येत नाहीं, कीं संमेलनाचें अध्यक्षपद येत नाहीं. त्याच्या वांट्याला कचेरी, बाजार, मुलांच्या शाळा आणि महिन्याअखेरचा ताळेबंद येतो. परंतु गोरोबा तरी कोण होते? चिखल तुडविणारे गृहस्थच. सतराव्या शतकांत पॅरिसमधील एका कार्मेल मठाच्या मुदपाकखान्यांत बंधु लॉरेन्स नांवाचा एक साधा सेवक भांडीं घांशीत असे. प्रार्थनेच्या शांततेंत देव जितका जवळ असतो तितकाच तो स्वयंपाकघराच्या गडबडींतहि असतो, असा त्याचा अनुभव होता, आणि त्याचें हें बोलणें ऐकावयास विद्वान धर्माधिकारी येत. चाक आणि चूल हीं सख्याच्या आड आलीं नाहींत. सख्याची परीक्षा तेथेंच झाली.

म्हणून प्रश्न वेळेचा नाहीं, स्थळाचा नाहीं. उघडें होण्याच्या तयारीचा आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनीं सोळाव्या शतकांत आपल्या अनुयायांना आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिचा आरंभ दोषांच्या यादीनें होत नाहीं. तो देवाच्या उपकारांच्या स्मरणानें होतो. त्यानंतर दिवसाचा एकेक प्रहर डोळ्यांपुढें आणावयाचा, चुकलें तेथें क्षमा मागावयाची, आणि उद्यांचा निश्चय करावयाचा. या रीतीला पांच-दहा मिनिटें पुरतात, आणि कोणत्याहि धर्माच्या माणसाला ती आचरितां येईल. घरकामाच्या बाईचा पगार विनाकारण अडवून ठेवला काय? माल विकतांना एखादा दोष दडविला काय? दूरध्वनीवर कोणी विचारलें असतां घरांत असून नाहीं म्हणण्यास मुलाला सांगितलें काय? सभेंत एक आणि घरीं एक असें बोलणें झालें काय? या लहान प्रश्नांपुढें मोठे धर्मविचार पुष्कळदां निरुत्तर होतात.

अशा परीक्षणांत एक धोका मात्र आहे. मनुष्य स्वतःचाच परीक्षक झाला कीं थापटणें हलक्या हातानें मारतो. म्हणून देवानें प्रत्येकाच्या भोंवतीं माणसें ठेविलीं आहेत. पत्नी, पति, वाढत्या वयाचीं मुलें, हाताखालचा कारकून, शेजारी, कधीं विरोधकसुद्धां; त्यांच्या बोलण्यांत राग असेल, अन्यायहि असेल, तरी त्यांत एखादा खरा टोला असतो. तो बसतांच अंगावर धावून जाणें हें कच्चेपणाचें लक्षण, आणि क्षणभर थांबून आपल्या आवाजाकडे कान देणें हें भाजत असल्याचें. ज्याची देवाशीं मैत्री आहे त्याला माणसांपुढें लहान होण्याची भीति उरत नाहीं, कारण त्याचें खरें रूप ज्याला कळावयाचें त्याला आधींच कळलेलें असतें, आणि तें कळूनहि त्यानें मैत्री मोडलेली नसते. ख्रिस्ती मनुष्याच्या निर्भयतेचें मूळ येथें आहे.

पक्क्या मडक्याची थोरवी त्याच्या नादांत नाहीं. त्यांत पाणी राहतें, आणि उन्हांतून आलेल्या तहानेल्याला तें मिळतें, यांत आहे. कच्च्या मडक्यांत ओतलेलें पाणी मडक्यालाहि विरघळवितें आणि स्वतःहि वाहून जातें. देवाच्या सहवासांत मिळालेली शांति, क्षमा आणि प्रीति हीं दुसऱ्यापर्यंत पोचावयाचीं असतील, तर पात्र भाजलेलें असावें लागतें. त्यासाठीं आंच सोसावी लागते, ती बहुधा आपल्याच घराच्या आव्यांत, रोजच्या व्यवहाराच्या लाकडांवर पेटलेली असते.